एकटीच्या प्रार्थनेतला ‘आम्ही’

नमस्कार ताई,

माझं वय ५२. लग्न केलं नाही. आई ९ वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं मीच केलं. ७ महिन्यांपूर्वी ती गेली. भाऊ दूर असतो, महिन्यातून एक-दोनदा फोन करतो. रात्री ३ वाजता आईची कूस बदलावी लागायची, म्हणून मोबाइलवर गजर लावला होता. तो अजून काढलेला नाही. खरं तर गजराच्या आधीच मला जाग येते.

आमचं घर ख्रिस्ती. प्रार्थनेचा नेम मी लहानपणापासून चुकवलेला नाही. रोज रात्री म्हणते, ‘हे दयाळू पित्या, आम्ही तुझे उपकार मानतो, आजच्या दिवसभर तू आम्हांला सांभाळलंस.’ गेल्या महिन्यात एका रात्री हे म्हणता म्हणता तोंडून एकदम मोठ्याने निघालं, ‘कसले उपकार? तिला ९ वर्षं झिजवलंस, मला एकटीला टाकलंस, आणि तू गप्प!’ स्वतःचाच आवाज ऐकून मी घाबरले. लगेच क्षमा मागितली. तेव्हापासून प्रार्थनेला बसले की शब्दच फुटत नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वयस्कर बाईंना एवढंच सांगितलं, की फार एकटं वाटतं. त्या म्हणाल्या, ‘देव सोबत असताना एकटं वाटतं म्हणजे विश्वास कमी पडतोय.’ तसं आहे का? त्या रात्री मी पाप केलं का? आणि आता प्रार्थना करू तरी कशी?

अजून एक. आई गेली तेव्हा मला सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. देवालाही नाही.

– एक वाचक

प्रिय ताई,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या रात्रीच्या ओरडण्यापाशी थांबले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्याच्या आधीच्या ओळीपाशी. ‘आम्ही तुझे उपकार मानतो.’ घरात तुम्ही एकट्या, दार आतून लावलेलं, आणि प्रार्थनेत ‘आम्ही’. माझा आपला अंदाज, ही प्रार्थना तुम्ही आईच्या खाटेशेजारी बसून दोघींच्या वतीने म्हणत असाल. आई गेली, ते अनेकवचन तेवढं मागे राहिलं. गजरासारखंच.

आणि आता ज्या वाक्यावरून तुम्ही कानाला खडा लावलात, ते वाक्य बघा. ‘मला एकटीला टाकलंस.’ इतक्या वर्षांच्या नेमात ‘मी’ आली. तुम्ही तिला आल्या पावली परत पाठवलंत, वर तिच्या वतीने क्षमाही मागून टाकलीत.

‘आम्ही’ म्हणण्यात वावगं काही नाही. प्रभू येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना ‘आमच्या पित्या’ अशीच सुरू होते आणि भाकरसुद्धा ‘आमची’ मागते. पण त्याच प्रभूने शेवटच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना केली, तेव्हा मात्र हा प्याला ‘माझ्यापासून’ दूर कर असं म्हटलं. चारचौघांतली प्रार्थना वेगळी आणि जमिनीवर पालथं पडून केलेली वेगळी. त्याला दोन्ही येत होत्या. तुम्हांला आजवर पहिलीच करावी लागली.

मराठीची एक गंमत आहे. साहेबांना आपण ‘तुम्ही’ म्हणतो, डॉक्टरांना ‘तुम्ही’ म्हणतो, पुष्कळ घरांत वडिलांनाही ‘तुम्ही’. पण आईला ‘तू’ आणि देवाला ‘तू’. भाषेने एवढी जवळीक आपल्याला आयती दिलेली आहे. आणि आपण करतो काय, तर ‘तू’ म्हणून सुरुवात करतो आणि पुढे अर्ज लिहितो. सविनय, उपकार मानतो, कृपादृष्टी असावी. खाली ‘आपला विश्वासू’ तेवढं लिहायचं बाकी राहतं. त्या रात्री तुमचं ‘तू’ पहिल्यांदा खऱ्या ‘तू’सारखं वाजलं, म्हणून तुम्हांला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

आता पापाचं. मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. पण तुमच्या घरात जे पुस्तक आहे तेच उघडून बघू. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं. त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश विलापाची, तक्रारीची आहेत. १३वं स्तोत्र सहाच ओव्यांचं, आणि त्याच्या सुरुवातीलाच ‘किती वेळ?’ हा प्रश्न एकामागून एक चार वेळा येतो. यिर्मया संदेष्टा तर देवाला तोंडावर सांगतो, की तू मला फसवलंस. ८८वं स्तोत्र मुद्दाम वाचा. विलापाच्या बहुतेक स्तोत्रांत शेवटी शेवटी सूर पालटतो, आभार येतात. ह्यात येत नाहीत. ते सुरू होतं रात्रंदिवस केलेल्या आक्रोशाने आणि संपतं, सखेसोबती दूर केलेस, आता ओळखीचा म्हणून अंधार तेवढा आहे, अशा अर्थाच्या ओळीने. मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे. ज्यांनी ही स्तोत्रं गोळा केली त्यांना ह्याच्या खाली दोन ओळी स्तुतीच्या जोडता आल्या असत्या. जोडल्या नाहीत. तसंच ठेवलं, आणि देवाच्या घरात गायलं.

वधस्तंभावर ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस?’ हा जो प्रश्न आहे, तीही २२व्या स्तोत्राची पहिली ओळ. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्काने ती अरामी भाषेत नोंदवली आहे, म्हणजे येशूच्या रोजच्या बोलीत. एलोई, एलोई, लमा सबखथनी. शुभवर्तमान लिहिलं ग्रीकमध्ये, पण ते ओरडणं भाषांतर करून सोडून द्यावं असं लिहिणाऱ्याला वाटलं नाही. ऐकलं तसंच ठेवलं, अर्थ नंतर दिला. तुमच्या त्या रात्रीच्या वाक्यात आणि ह्या वाक्यात मला तरी फार अंतर दिसत नाही. ‘मला टाकलंस’ आणि ‘मला का सोडलंस’.

तुमचं घर ख्रिस्ती, पण भाषा तुमची-माझी एकच, म्हणून आणखी दोघांची साक्ष काढते. जनाबाई अंगणात उभी राहून विठ्ठलाला शिव्या देते. ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ ही त्यांतली त्यातल्या त्यात सौम्य ओळ. पुढच्या इथे छापता येणार नाहीत. आणि तुकाराम. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको ‘अन्न अन्न’ करत गेली, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. त्या माणसाचा एक अभंग ‘माझे लेखी देव मेला’ असा सुरू होतो. असेल त्याला असो, माझ्यापुरता मेला; आता त्याच्याशी बोलणार नाही, त्याचं नाव घेणार नाही, आमचं दोघांचं तुटलं. नाव घेणार नाही हे अभंगातच सांगायचं, ही खास तुकोबांची तऱ्हा.

ह्याला आपल्याकडे अबोला म्हणतात. माझे वडील गेले त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी देवाशी अबोला धरला होता. तेव्हा मला वाटायचं, माझा विश्वास उडाला. आता वाटतं, विश्वास उडालेला माणूस अबोला कुणाशी धरेल? रस्त्यावरच्या अनोळखी माणसाशी आपण बोलत नाही, त्याला अबोला म्हणत नाही. अबोला घरातल्याशीच असतो, आणि ज्याच्याशी धरलाय त्याच्या चाहुलीकडे सगळा दिवस कान असतो. वर्षाने पहिलं वाक्य बोलले ते ‘मी अजून रागावलेलीच आहे’ हे होतं. काही उत्तर आलं नाही. पण अबोला मोडला.

तेव्हा तुम्ही लिहिता ‘शब्दच फुटत नाही’, ते मला शिक्षेसारखं वाटत नाही. देवाने तोंड फिरवलंय असंही वाटत नाही. खरं बोललात, घाबरलात, आणि पुन्हा जुना अर्ज म्हणायला गेलात तर तो आता घशाखालून वर येईना. साहजिक आहे. एकदा खरं बोलल्यावर खोटं जड जातं.

त्या वयस्कर बाईंबद्दल मला राग आहे, पण थोडा आवरते, कारण त्यांचा हेतू वाईट नसावा. त्यांना एवढंच विचारा, की माणसाने एकटं असणं बरं नाही, हे वाक्य बायबलमध्ये कुठे येतं. उत्पत्ती ह्या पहिल्याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात. मनुष्याचं पतन तिसऱ्या अध्यायात. म्हणजे पाप अजून जगात यायचंच आहे, बाग आहे, देव स्वतः शेजारी आहे, आणि तरीही देवच म्हणतो आहे, की हा एकटा आहे हे बरं नाही. सृष्टी घडवताना पुन्हा पुन्हा ‘चांगलं’ म्हणत आलेल्या देवाने ‘बरं नाही’ असं पहिल्यांदा म्हटलं ते एकटेपणाला. ‘देव सोबत असताना एकटं कसं वाटतं’ ह्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या चार पानांत देवानेच देऊन ठेवलेलं आहे. देव सोबत असूनही माणसाला माणूस लागतो. ही तुमच्या विश्वासातली खोट नव्हे, माणसाची घडणच तशी आहे.

बायबलमधली, मंदिरात मूकपणे रडणारी हन्नाही तुम्हांला आठवत असेल. ओठ हलतायत, आवाज नाही, आणि एली याजक तिला म्हणतो, दारू कधी उतरणार तुझी? ती गप्प बसत नाही. उलट सांगते, की मी प्यायलेली नाही, मी परमेश्वरापुढे मन मोकळं करते आहे. आणि एलीचंही कौतुक हे, की तो तिथल्या तिथे शब्द फिरवतो आणि तिला आशीर्वाद देऊन पाठवतो. त्या बाईंना एकदा पूर्ण गोष्ट सांगून बघा. ‘एकटं वाटतं’ एवढंच नको, रात्रीचे ३, ती ९ वर्षं, सगळं. कदाचित त्याही शब्द फिरवतील. नाही फिरवले, तर मंडळीत दुसरी माणसं असतीलच.

आता तुमच्या शेवटच्या परिच्छेदाकडे येते. ‘अजून एक’ म्हणून तुम्ही तो तळाशी घातलात, निघता निघता उंबऱ्यावर उभं राहून खरं कारण सांगावं तसा. मला वाटतं सगळं अडलंय ते तिथे.

देवावर राग काढलात, ते तुम्हांला भयंकर वाटलं. पण राग तरी तुम्हांला मोठ्याने म्हणता आला. सुटल्यासारखं वाटलं, हे मात्र तुम्ही ७ महिने ओठांवर येऊ दिलेलं नाही. त्या रात्री रागाने दार उघडलं आणि त्याच्या मागे हे उभं दिसलं, म्हणून तुम्ही दार घाईने लावून घेतलंत. क्षमा रागाची मागितलीत; भीती मात्र ह्याची होती. चूक असेन तर सांगा.

९ वर्षं म्हणजे तीन हजारांहून जास्त रात्री. त्यांतल्या किती रात्री तुम्ही सलग झोपलात? एका अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, चादर सारखी करायची, पाठ लाल झाली आहे का बघायची, उशी गुडघ्यांच्या मध्ये, आणि हे सगळं अर्धवट झोपेत, तिला दुखू न देता. हे थांबलं तेव्हा आधी तुमच्या पाठीला, खांद्यांना, डोळ्यांना कळलं. दुःख मागून आलं. दीर्घकाळ शुश्रूषा केलेल्या पुष्कळ माणसांचं असंच होतं, आणि बहुतेक सगळे ते लपवतात.

पण एक विनंती. हे देवाला सांगाल तेव्हा सोज्वळ करून सांगू नका. ‘तिच्या वेदना संपल्या म्हणून मला बरं वाटलं’ हे खरं आहेच, पण तेवढंच खरं नाही. ‘मला झोप हवी होती’ हेही खरं आहे. ‘माझं आयुष्य ह्या खोलीत चाललंय’ असंही कधीतरी वाटून गेलं असेल. आणि भाऊ! भावाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, फार सभ्य वाक्य. ‘महिन्यातून एक-दोनदा फोन करतो.’ ह्या वाक्याच्या खाली काय काय दडलंय ते मला दिसत नाही, पण जड आहे एवढं कळतं. देवाशी बोलताना ते वाक्य एवढं सभ्य ठेवायची गरज नाही.

तुम्ही म्हणाल, देवाला तर सगळं ठाऊक आहे, शब्द जिभेवर यायच्या आधी त्याला कळतो असं १३९व्या स्तोत्रातच आहे, मग सांगायचं कशाला? एलीयाची गोष्ट मला ह्याच प्रश्नासाठी आवडते.

कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा, राणीने जिवाची धमकी दिल्याबरोबर पळत सुटतो. चाकराला वाटेत मागे ठेवतो आणि एकटाच अरण्यात एक दिवसाची वाट चालून जातो. एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं आता, माझा प्राण घे. ह्यावर आकाशवाणी होत नाही, उपदेश होत नाही, ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असं कुणी म्हणत नाही. तो झोपतो. देवदूत त्याला हलवून उठवतो, ऊठ आणि खा म्हणतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खाऊन तो पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खाऊ घालतो, म्हणतो, वाट तुला झेपायची नाही. दोनदा झोप, दोनदा अन्न, मग ४० दिवसांची चाल, आणि त्याच्यानंतर कुठे बोलणं. हा क्रम लक्षात ठेवा.

मग होरेब डोंगरावरच्या गुहेत प्रश्न येतो, एलीया, इथे काय करतोस? देवाला ठाऊक नव्हतं का? पण विचारलं. रडणाऱ्या पोराला आई ‘काय झालं?’ विचारतेच, सगळं डोळ्यांदेखत घडलेलं असलं तरी. एलीया सांगतो, मी तुझ्यासाठी एवढं केलं, बाकीचे सगळे मारले गेले, मीच एकटा उरलोय. मग वारा, भूकंप, अग्नी, आणि शेवटी तो मंद, हळुवार स्वर, ज्याच्यावर असंख्य प्रवचनं झाली आहेत. पण त्या स्वरानंतर काय होतं ते प्रवचनांत सहसा येत नाही. पुन्हा तोच प्रश्न येतो, आणि एलीया पुन्हा तेच उत्तर देतो. शब्दाला शब्द तेच. मीच एकटा उरलोय. एवढा साक्षात्कार होऊनही त्याचा सूर बदललेला नाही! आणि देव त्याला ‘आत्ताच तर सांगितलंस’ असं म्हणत नाही. दुसऱ्यांदाही ऐकून घेतो.

म्हणून, तेच तेच गाऱ्हाणं रोज सांगायला लागलं तर लाजू नका. गेथशेमानेतही प्रार्थना तीनदा झाली, आणि तिसऱ्यांदा तेच शब्द होते असं मत्तयाने स्पष्ट लिहिलंय.

एलीयाला मिळालेलं उत्तर आणखी पुढे आहे. देव त्याला सांगतो, तू एकटा नाहीस, माझ्यापाशी अजून ७००० आहेत. पण एवढ्यावर त्याला परत धाडत नाही. अलीशाकडे जा म्हणतो. शेतात नांगर धरलेला एक जिवंत माणूस, नावानिशी. एकटेपणाच्या प्रार्थनेला त्या गोष्टीत आलेलं उत्तर हे असं आहे: आधी झोप, मग ऐकून घेणं, मग एक माणूस.

तर आता ‘कशी करू’ ते. जुना नेम काही दिवस बाजूला ठेवा. तो काही रुसणार नाही. प्रार्थनेला बसाल तेव्हा एकच वाक्य बोला, मोठ्याने, ‘मी’ने सुरू होणारं, आणि त्या दिवशी खरं असलेलं. ‘मला आज तुझ्याशी बोलायचं नाही’ हेही चालेल. मी कशी सुरुवात केली ते सांगितलंच आहे. वाक्याच्या शेवटी ‘तरीपण तुझी इच्छा’ असं शेपूट सवयीने लावू नका. खरोखर मनात आलं तरच लावा. आभारांचंही तसंच. दिवसभर सांभाळल्याबद्दल आभार मानण्यापेक्षा, दुपारी शेजारीण दोन मिनिटं थांबून बोलली, ह्याबद्दल वाटलं तर माना. काही नाही वाटलं तर त्या दिवशी आभार राहू द्या.

स्वतःचे शब्द अगदीच येईनात तेव्हा उसने घ्या. १३वं स्तोत्र एका मिनिटात वाचून होतं. त्याच्या शेवटी सूर पालटतो. तुमचा पालटला नाही, तर पालटायच्या आधीच्या ओवीपाशी थांबा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथपर्यंत जा. ते सुटल्यासारखं वाटल्याचं वाक्य कधी म्हणायचं, हे मी सांगणार नाही. पहिल्याच आठवड्यात म्हणायला हवं असं नाही. मला लिहिलंत, म्हणजे हाताला ते आता जमलंय. जिभेला वेळ लागेल.

ह्याने एकटेपणा जाईल का? लगेच तर नाहीच. त्या रात्री तुम्ही ‘तू गप्प’ असं म्हटलंत, तो गप्पपणा आणखी बरेच दिवस राहू शकतो. मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर १० वर्षांनी, २००७मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा जगाला धक्का बसला होता. रोज पहाटे प्रार्थनेला बसणाऱ्या ह्या बाईंना आत कित्येक दशकं देवाचा मागमूसही लागत नव्हता. त्या पत्रांबद्दल बोलताना सगळे त्या काळोखाबद्दल बोलतात. मला त्यांतली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ती पत्रं होती. आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली. देवाकडून काही ऐकू येत नसताना त्या निदान एखाद्या माणसाला ते सांगत होत्या.

गेथशेमानेतही हेच आहे. ‘माझा जीव मरणप्राय दुःखी झाला आहे’ हे येशूने आधी तिघा मित्रांना सांगितलं, आणि मग चार पावलं पुढे जाऊन पित्याला. मित्र झोपी गेले, हा भाग वेगळा. पण सांगितलं त्यांनाही. त्याला जर माणसांची सोबत मागावीशी वाटली, तर तुम्ही देवावरच सगळा भार टाकून माणसांपुढे हसत राहावं, हा हट्ट कशासाठी? एक माणूस शोधा. सल्ला न देणारं, ऐकून घेणारं. भावालाही एखाद्या फोनवर ‘बरी आहे’च्या ऐवजी ‘मला फार एकटं वाटतंय’ एवढं सांगून बघा. त्याला ठाऊकच नसेल, अशी शक्यता आहे. तुमची सभ्यता फार पक्की आहे हो.

आणि एक गोष्ट स्पष्ट विचारते. एलीयासारखं ‘पुरे झालं, प्राण घे’ असं तुम्हांला वाटतं का? पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण ७ महिने मोडलेली झोप आहे आणि घरात दुसरं कुणी नाही, म्हणून विचारते. वाटत असेल, किंवा जेवण तुटलं असेल, सकाळी उठून काहीच करावंसं वाटत नसेल, तर ह्या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा आणि त्यांनाही असंच सगळं सांगा. देवदूताने भाकर आणली तेव्हा ‘मी प्रार्थनेनेच बरा होईन’ असं एलीया म्हणाला नव्हता.

झोपेवरूनच आठवलं, तो गजर. आजच बंद करा. आईची कूस बदलायची आता राहिलेली नाही, आणि तुमची पाठ टेकायची राहिली आहे. गजर बंद करूनही ३ वाजता जाग आलीच, तर दिवा लावू नका, उठून बसू नका, गुडघे टेकू नका. आहात तिथूनच, पांघरुणातूनच बोला.